बीपीच्या रिसर्चमध्ये उतरायचंय? मग पहिला स्टडी या क्रमाने करा

हार्ट आणि बीपीच्या रिसर्चमध्ये करिअर करायचंय म्हणणारी मुलं-मुली दरवर्षी भेटतात. हुशार असतात, मेहनतीला मागे हटत नाहीत, पण घोळ बहुतेकांचा एकाच ठिकाणी होतो, क्रम उलटा. आधी ओपीडीत बसून पेशंटांची बीपी लिहून काढतात, मग एथिक्स कमिटीची आठवण होते, आणि शेवटी एक्सेल शीट घेऊन स्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडमकडे जातात की मॅडम यातून काहीतरी सिग्निफिकंट काढून द्या ना. मॅडम काय काढणार?

हे सगळं एमबीबीएसच्या पोरांपासून एमडीच्या रेसिडेंटपर्यंत, आणि नर्सिंग, फार्मसी, स्टॅटिस्टिक्स, लाइफ सायन्सवाल्यांसाठीही आहे. मोठी स्वप्नं नंतर बघू. आधी एक छोटा स्टडी धड करून दाखवा, कारण पुढचा गाइड, पुढची फेलोशिप, पुढची नोकरी देणारा माणूस तुम्हाला तेवढंच विचारणार आहे.

१) आधी स्वतःची तयारी

पहिला गैरसमज काढून टाका, या क्षेत्रात यायला कार्डिओलॉजीचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री, लागतंच असं नाही. बीपीवरचं बरंचसं काम कम्युनिटी मेडिसिन, मेडिसिन, फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजीवाले करतात, आणि मोठ्या स्टडीत स्टॅटिस्टिशियन, डेटा मॅनेजर, रिसर्च नर्स, फील्ड सुपरवायझर यांच्याशिवाय पान हलत नाही.

डॉक्टर असाल तर आयसीएमआर, म्हणजे केंद्राच्या मेडिकल रिसर्च परिषदेच्या, चेन्नईच्या एनआयई या एपिडेमिऑलॉजी संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स, ज्याला सगळे बीसीबीआर म्हणतात, तो करा. पीजीवाल्यांना तो तसाही कंपल्सरी आहे, पण बहुतेक जण व्हिडिओ दुप्पट स्पीडने पळवून परीक्षेपुरता उरकतात आणि मग सॅम्पल साइजला अडकतात. नीट बघा, वही घेऊन बसा. सोबत जीसीपीचं, म्हणजे माणसांवरच्या ट्रायल कशा करायच्या त्या नियमांचं, ट्रेनिंग घ्या, सर्टिफिकेट एथिक्स कमिटी मागतेच.

एमबीबीएस किंवा बीडीएसला असाल तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस, ही पहिली पायरी म्हणून बेस्ट आहे. दोन महिन्यांचं काम, गाइड तुमच्याच कॉलेजमधला लागतो. पोर्टल उघडलं की मग विषय शोधू असं करू नका. तेवढ्या दिवसांत विषय, गाइड आणि प्रपोजल तिन्ही जमत नाही, आणि मग सीनियरचंच प्रपोजल गावाचं नाव बदलून पाठवलं जातं, जे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

२) गाइड कसा गाठायचा

"रिस्पेक्टेड सर, मला कार्डिओलॉजीमध्ये फार इंटरेस्ट आहे, कृपया एखादा प्रोजेक्ट द्या." असे मेल रोज येतात आणि तसेच पडून राहतात. त्यापेक्षा सरांचा किंवा मॅडमचा एखादा पेपर आधी पूर्ण वाचा, त्यातली एक गोष्ट पकडा जी तुम्हाला कळली नाही किंवा पुढे न्यावीशी वाटली, आणि पाच-सहा ओळींत लिहा: मी कोण, काय वाचलं, काय विचारायचंय, माझ्याकडे आठवड्याला किती वेळ आहे. सीव्ही एका पानाचा जोडा. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग डिपार्टमेंटला जाऊन भेटा. आपल्याकडे अजूनही प्रत्यक्ष भेटलेल्या पोराचं काम आधी होतं, हे मान्य करून टाकूया.

गाइड निवडताना नाव किती मोठं हे बघू नका, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा. थीसिस वाचून परत देतात का, पेपरवर विद्यार्थ्याचं नाव पहिलं येतं का, एवढं दोनच विचारा.

३) प्रश्न लहान करा, अजून लहान करा

"महाराष्ट्रातील हायपरटेन्शनचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "अमुक पीएचसीच्या हद्दीत ज्यांना बीपीची गोळी चालू केली त्यातले किती जण सहा महिन्यांनीही गोळी घेतायत" हा प्रश्न आहे. कोण, कुठे, काय मोजणार, कधी, हे एका वाक्यात बसत नसेल तर प्रश्न अजून शिजलेला नाही.

इथेच हायपरटेन्शनची, म्हणजे बीपी कितीपासून जास्त धरायचं याची, व्याख्या पण लिहून ठेवा. भारतातल्या प्रोग्रॅममध्ये १४०/९० धरतात, अमेरिकेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये १३०/८० आहे, आणि दोन्हीतलं एक आधी न ठरवता डेटा आल्यावर जे चांगलं दिसेल ते घ्यायचं ही सरळ चीटिंग आहे. दुसरं म्हणजे, ज्याला गोळी चालू आहे आणि म्हणून बीपी १२६/७८ आलंय तो माणूस पण हायपरटेन्शनमध्येच मोजायचा. ही चूक इतक्या थीसिसमध्ये दिसते की विचारू नका, गोळी घेऊन कंट्रोलमध्ये असलेले सगळे नॉर्मलमध्ये टाकलेले असतात आणि मग प्रिव्हलन्स, म्हणजे शंभरात किती जणांना बीपी आहे तो आकडा, कमी येतो.

⚠ सावधान: कॅम्पमध्ये एका रीडिंगला ज्यांचं बीपी जास्त आलं तेवढेच वेचून घ्यायचे, महिनाभर प्राणायाम किंवा कमी मीठ किंवा अजून काही द्यायचं, परत मोजायचं, आणि कमी आलं म्हणून पेपर लिहायचा, हे करू नका. काही न देताही ते कमीच आलं असतं. त्या दिवशी ज्यांचं नेहमीपेक्षा चढलेलं होतं तेच तुम्ही निवडले, दुसऱ्या वेळी ते आपोआप आपल्या सरासरीकडे येणार. उपाय एकच, कंट्रोल ग्रुप, आणि तोही चिठ्ठी टाकून म्हणजे रँडमायझेशन करून. "ज्यांना यायला जमलं ते योगा ग्रुप, बाकीचे कंट्रोल" हे रँडमायझेशन नव्हे.

४) सॅम्पल साइज, आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यांची पहिली भेट

पहिली भेट आत्ता, डेटाच्या आधी. जाताना फक्त तीन गोष्टी घेऊन जा: तुमचा एका वाक्यातला प्रश्न, आधीच्या स्टडीमधला आकडा, आणि किती चूक चालेल ते.

साधा हिशोब बघा. समजा प्रिव्हलन्स २५ टक्के धरला, आणि ५ टक्के इकडेतिकडे चालणार आहे. ४ गुणिले २५ गुणिले ७५ (१०० वजा २५), भागिले ५ चा वर्ग म्हणजे २५. आले ३००. आता दहा टक्के लोक नाही म्हणणार, म्हणून ३०० भागिले ०.९, म्हणजे ३३४. घराघरांतून रँडम न निवडता वाड्या-वस्त्यांचे क्लस्टर घेणार असाल तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात म्हणून सॅम्पल वाढवायचा गुणक, लागतो, तो २ धरला तर ३०० चे ६०० आणि नकार धरून ६६७. हा शेवटचा टप्पा लोक खुशाल विसरतात.

२५ टक्के आकडा कुठून आणला हे पण नीट सांगता आलं पाहिजे. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के आहे, आणि आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशभरच्या सर्व्हेचा २०२३ ला छापलेला आकडा ३५.५ टक्के आहे, तो २० वर्षांवरच्यांचा. दोन्ही बरोबर. वयोगट वेगळा, सर्व्हेची पद्धत वेगळी. तुमच्या स्टडीत ४० च्या वरचे असतील तर यातला कुठलाच जसाच्या तसा उचलू नका, वयाप्रमाणे टेबल उघडून बघा.

फील्डवर जायला वेळ नाही, पैसे नाहीत? मग तयार डेटावर काम करा. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेकडे अर्ज करून एलएएसआय या वयस्कर लोकांच्या सर्व्हेचा डेटा मागता येतो, ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांचा आहे, बीपी मोजलेलं आहे. पहिला पेपर म्हणून अजिबात वाईट नाही, उलट डेटा साफ करायला तिथेच शिकता येतं.

५) परवानग्या, आणि त्यांचा क्रम

क्रम असा: प्रोटोकॉल फायनल, मग कॉलेजची सायंटिफिक किंवा रिसर्च कमिटी, मग एथिक्स कमिटी, मग सीटीआरआय, मग पहिला पेशंट. पीजीवाल्यांचं युनिव्हर्सिटीला सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, पाठवणं यातच बसवायचं, तारखा डिपार्टमेंटमधून घ्या.

सीटीआरआय म्हणजे ट्रायल रजिस्ट्री, फुकट आहे. औषध, डाएट, योगा, अ‍ॅप, काहीही करायला लावणार असाल तर नोंदणी लागतेच, आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला माणूस घेण्याआधीच व्हावी लागते, नंतर घेत नाहीत. ते शंका काढून फॉर्म परत पाठवतात, उत्तर द्या, परत पाठवा, असं होतं, म्हणून सोमवारी कॅम्प आणि शुक्रवारी फॉर्म भरतोय असं नको. नुसतं निरीक्षण असेल तरी बऱ्याच संस्था नोंदणी करायला सांगतात.

कन्सेंट फॉर्म मराठीत, आणि खरोखरच्या मराठीत. "सदर संशोधनात सहभागी होण्यास मी स्वेच्छेने संमती देत आहे" हे वाचून कोणाला काय कळतं? दंडाला पट्टा बांधणार, तीनदा मोजणार, पट्टा थोडा आवळेल, नाही म्हणालात तरी दवाखान्यात उपचार तेच मिळतील, असं लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि आपल्या टीमबाहेरचा साक्षीदार लागतो.

अजून एक. अमेरिकेत मावसभाऊ प्रोफेसर आहे, तो म्हणतो डेटा पाठव किंवा थोडे पैसे देतो, तर थांबा. परदेशी सहभाग किंवा निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची, एचएमएससीची, परवानगी लागते. घरचा माणूस असला तरी.

✔ तपासा: एथिक्सच्या पत्रावरचं टायटल, प्रोटोकॉलचं टायटल आणि सीटीआरआयचं टायटल अक्षरशः एकच आहे का? कन्सेंटच्या मराठी प्रतीवर पण कमिटीचा शिक्का आहे का?

६) मशीन आणि कफ

मेडिकलच्या दुकानातलं सगळ्यात स्वस्त मशीन उचलू नका. मॉडेलचं नाव घेऊन स्ट्राइड बीपी या वेबसाइटच्या यादीत बघा, तिथे व्हॅलिडेट झालेली, म्हणजे अचूकता तपासलेली, मशीन दिलेली असतात. कंपनी तीच असली तरी मॉडेल वेगळं म्हणजे गोष्ट वेगळी. मनगटावरचं नको, दंडाचंच घ्या.

पण खरा खेळ कफचा, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा, आहे. एकच कफ घेऊन गावभर फिरणं ही सगळ्यात कॉमन चूक. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी १९५ जणांवर ट्रायल केली, मुद्दाम चुकीच्या साइजचा कफ लावून. ज्यांना लार्ज लागतो त्यांना रेग्युलर लावला तर वरचं बीपी सरासरी ४.८ ने जास्त आलं, एक्स्ट्रा लार्जवाल्यांना तर १९.५ ने जास्त, आणि ज्यांना स्मॉल लागतो त्यांचं ३.६ ने कमी. आपल्याकडे दोन्ही टोकं एका घरात सापडतात, सून शहरातून आलेली, सासू काडीसारखी. म्हणून खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध टेपने दंड मोजा, आकडा फॉर्मवर लिहा, आणि कुठला कफ लावला ते पण लिहा. कफवर कंपनीने सेंटिमीटरची रेंज छापलेली असते, ती बघून ठरवा, नजरेने नाही.

सेल जादा ठेवा. कॅम्पच्या मध्यात मशीन मरतं.

७) प्रत्यक्ष मोजणी, इथे घाई करू नका

नेहमी दिसणारं चित्र सांगतो. सकाळचे दहा, आजी शेतावरून नुकत्या आल्यात, ओट्यावर पाय लोंबकळत सोडून बसल्यात, मिश्री लावून झालीय. इंटर्न घाईत. ब्लाउजची बाही वर सरकवली, ती दंडाला करकचून बसली, तिच्याखाली कफ. हात मांडीवर. मशीन चालू असतानाच विचारतोय, आजी मुलं किती तुम्हाला, आणि आजी थोरल्यापासून सांगायला लागतात. १५८/९४. लिहिलं, चला पुढचं घर.

या एका रीडिंगमध्ये किती चुका आहेत बघा. विश्रांती नाही. पाठ टेकलेली नाही. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि फॉर्मवर "तंबाखू खाता का" विचारलं तर आजी प्रामाणिकपणे नाही म्हणतात, म्हणून मिश्रीचं वेगळं विचारायचं. बाहीने दंड आवळलेला. बोलणं चालू. आणि हात हृदयाच्या खाली. हाताचं लोकांना क्षुल्लक वाटतं, पण २०२४ च्या जॉन्स हॉपकिन्सच्याच एका ट्रायलमध्ये, टेबलावर ठेवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवरच्या हाताचं वरचं बीपी ३.९ ने जास्त आणि बाजूला लोंबकळणाऱ्या हाताचं ६.५ ने जास्त निघालं. तुमचं औषध सरासरी तेवढाच फरक दाखवणार असेल तर मग स्टडी कशाचा झाला, औषधाचा की टेबलाचा?

तर क्रम असा ठेवा:

• आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी, जड काम नाही. आशाताईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि बायकांना सैल बाहीचं घालून यायला सांगा. टीममध्ये एक तरी बाई हवीच.
• लघवीला जाऊन येऊ द्या.
• पाठीची खुर्ची आणि टेबल सोबत न्या, किंवा शाळेतून मागून घ्या. पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत.
• हात टेबलावर, कफचा मध्य हृदयाच्या पातळीवर. टेबल खाली असेल तर वह्या किंवा उशी खाली द्या.
• ५ मिनिटं शांत. फॉर्म भरायचा नाही, मोबाइल नाही, नातवाला रागावणं नाही. घड्याळ लावा, अंदाजे नको.
• तीन रीडिंग, मध्ये किमान एक-एक मिनिट. पहिलं लिहा पण हिशोबात शेवटच्या दोनची सरासरी धरा. डब्ल्यूएचओच्या स्टेप्स सर्व्हेत असंच करतात.
• प्रश्नावली यानंतर. आधी प्रश्न आणि मग बीपी असं केलंत तर कर्जाचा, दारूचा प्रश्न विचारून लगेच बीपी मोजल्यासारखं होईल.

गोळ्यांचं विचारताना "बीपी आहे का" एवढ्यावर थांबू नका. गेल्या दोन आठवड्यांत बीपीची गोळी घेतली का, असं विचारा आणि गोळ्यांचं पाकीट बघायला मागा. "होतं, आता नॉर्मल आलं म्हणून बंद केली" हे उत्तर भरपूर येतं, त्याला फॉर्मवर वेगळा रकाना द्या.

⚠ सावधान: १८०/११० किंवा वर आलं तर ते नुसतं लिहून पुढे जायचं नाही. थोड्या वेळाने परत मोजा, छातीत दुखतंय का, दम लागतोय का, डोकं फार दुखतंय का, नजर अंधुक झाली का, हातापायातली ताकद गेलीय का विचारा, असं काही असेल तर तिथूनच दवाखान्यात. नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जाण्याची चिठ्ठी. कुठे पाठवायचं हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. आणि रीडिंग कितीही आलं तरी आकडा कागदावर लिहून माणसाच्या हातात द्या, त्याने तुम्हाला वेळ दिलाय.

✔ तपासा: दर आठवड्याला शेवटचा अंक मोजा. ऑटोमॅटिक मशीनवर साधारण दहातल्या एका रीडिंगचा शेवट शून्याने व्हायला हवा. ३०० रीडिंगमध्ये तीसच्या आसपास. ऐंशी-शंभर निघाले तर कोणीतरी स्क्रीनवरचं न लिहिता "१३०/८०" करून टाकतंय. दुसरं आणि तिसरं रीडिंग हुबेहूब सारखं फार वेळा दिसलं तर तिसरं मोजलेलंच नाही. मुलांना ओरडू नका, त्यांच्यासोबत एक दिवस बसा. बहुतेक वेळा दिवसाचं टार्गेटच अशक्य दिलेलं असतं.

८) डेटा

नाव एका रजिस्टरमध्ये, कपाटात कुलपात. एक्सेल किंवा एपिकलेक्ट या डेटा भरायच्या अ‍ॅपमध्ये फक्त नंबर. माहिती नसेल तर रिकामं सोडायचं की ९९९ लिहायचं ते पहिल्या दिवशी ठरवा, आणि ९९९ ठरवलंत तर सरासरी काढण्याआधी ते काढून टाका, नाहीतर बीपीची सरासरी दोनशेच्या वर जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम. एवढंच, पण रोज.

९) अ‍ॅनालिसिस, लिहिणं, छापणं

टेबलं आधी काढा, रिकामी, आकड्यांशिवाय. प्रोटोकॉलच्या वेळीच. मग डेटा आल्यावर फक्त भरायचं असतं. असं नाही केलं की माणूस वय, जात, मीठ, झोप, मोबाइल सगळ्याला सगळ्याशी लावून बघत बसतो, आणि वीस टेस्ट केल्या की एखादी पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे सिग्निफिकंट, नुसत्या योगायोगानेही येते. तीच मग टायटलमध्ये जाते!

लिहिताना निरीक्षणाच्या स्टडीला स्ट्रोब, ट्रायलला कन्सॉर्ट, या चेकलिस्ट समोर ठेवा. मेथड्समध्ये "बीपी स्टँडर्ड पद्धतीने मोजलं" लिहू नका. मशीनचं मॉडेल, कफचे साइज, किती मिनिटं बसवलं, किती रीडिंग, कुठल्या धरल्या, सगळं लिहा. एकाच वेळचं सर्वेक्षण असेल तर "मिठामुळे बीपी वाढलं" असं म्हणता येत नाही, सोबत दिसलं एवढंच म्हणा.

लेखकांची नावं आणि क्रम काम सुरू व्हायच्या आधी मेलवर पक्का करा. हे बोलायला अवघड जातं, विशेषतः सरांसमोर, पण नंतर होणारी भांडणं त्याहून अवघड असतात.

जर्नल निवडताना, तीन दिवसांत अ‍ॅक्सेप्ट करतो, पैसे भरा, असा मेल आला की डिलीट. जर्नल मेडलाइन या मेडिकल जर्नलांच्या यादीत आहे का, ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं, असेल तर डीओएजे या तशा जर्नलांच्या यादीत आहे का बघा. एकाच वेळी दोन जर्नलला पाठवू नका. रिजेक्ट झालं तर रिव्ह्यूअरने काढलेल्या चुका दुरुस्त करूनच पुढे पाठवा, कारण छोट्या क्षेत्रात तोच माणूस दुसऱ्या जर्नलकडूनही परत रिव्ह्यूअर म्हणून येऊ शकतो.

१०) यानंतर कुठे

एक स्टडी पूर्ण झाला, छापला गेला किंवा निदान कॉन्फरन्सला पोस्टर झालं की दारं उघडायला लागतात. पब्लिक हेल्थकडे जायचं असेल तर त्रिवेंद्रमच्या श्री चित्राचं अच्युत मेनन सेंटर, चेन्नईचं एनआयई, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट म्हणजे टिस, इथे एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थचं मास्टर्स, होतं. आकड्यांची आवड असेल तर आयआयपीएसमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स. लाइफ सायन्सवाल्यांना जेआरएफची, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपची, परीक्षा आणि मग पीएचडी. फील्ड शिकायचं तर पुण्याच्या केईएमच्या रिसर्च सेंटरसारख्या ठिकाणी प्रोजेक्टवर काम करा, तिथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीतल्या कुटुंबांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं झालाय, लोकांना इतका काळ स्टडीत कसं टिकवून ठेवायचं हे पुस्तकात मिळत नाही. आपल्याकडे साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या बीपी कंट्रोलच्या सरकारी प्रोग्रॅमचंही काम झालंय, त्या डेटाच्या आसपास प्रश्न भरपूर आहेत. स्वतःची टीम उभी करायची वेळ आली की इंडिया अलायन्स या रिसर्चला निधी देणाऱ्या संस्थेच्या क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ फेलोशिप बघा.

प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या असतात, सहा महिने, वर्ष, मग वाढवून मिळतं किंवा नाही. जॉइन होण्याआधी निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे आणि पीएचडीची नोंदणी त्या काळात करता येईल का, हे दोन्ही लेखी विचारा.